डेंटल हायजिनिस्टचा अभ्यास: लेखीत पास, हातात नापास

तिसरी_दाढ

नमस्कार मंडळी. गेली दोन वर्षं इथे फक्त वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

मी डेंटल हायजिनिस्टच्या (दात-हिरड्यांची साफसफाई करणाऱ्यांच्या) अभ्यासक्रमाला आहे. पहिलं वर्ष, दुसरं सत्र. लेखी विषयांत कुठे अडत नाही. शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र, क्ष-किरण, औषधं, सगळं बैठक मारून होतं. दातांचे नंबर तर झोपेतून उठवून विचारा. (बाहेरच्यांसाठी: पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी कुठला ते सांगतो, दुसरा मधल्या रेषेपासून दात कितवा ते. त्यामुळे ३६ हा 'छत्तीस' नसून 'तीन-सहा', म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ.)

घोडं अडलंय ते प्रात्यक्षिकात. गेल्या आठवड्यात टायपोडॉन्टवर, म्हणजे पुतळ्याच्या तोंडात बसवलेल्या नकली दातांवर, परीक्षा झाली. मॅडमनी रबरी हिरड्यांच्या खाली बारा ठिकाणी खोटं कीटण लावून ठेवलं होतं. एक्सप्लोररने (बारीक टोकाचं चाचपायचं अवजार) चाचपून फक्त जागा नोंदवायच्या होत्या, काढायचंही नव्हतं. मला पाच सापडली. शिवाय जिथे काहीच नव्हतं अशा चार जागा मी छातीठोकपणे लिहून आले.

मॅडम रागावल्या नाहीत. पेपर बघून एवढंच म्हणाल्या, "तुझ्या हाताला अजून ऐकू येत नाही." तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. पुढच्या सत्रात खरी तोंडं समोर येणार. तोपर्यंत हात तयार होतो का? की काहींचा होतच नाही? या क्षेत्रातलं कुणी असेल तर स्पष्ट सांगा, मला गोड बोलणं नकोय.

कडेलोट

स्पष्ट हवंय ना? मी हाच कोर्स दुसऱ्या वर्षात सोडला. हातामुळे नाही. आमच्याकडे पेशंट आपले आपण जमवायचे होते. कीटण किती आणि हिरड्या किती खराब यावरून सोपा, मध्यम, अवघड असे वर्ग, आणि प्रत्येक वर्गातले ठराविक पूर्ण झाल्याशिवाय परीक्षेला बसता यायचं नाही. सोपे मिळायचे ढिगाने. अवघड वर्गातला पेशंट शोधताना मी समोर हसणाऱ्या प्रत्येक माणसाच्या खालच्या पटाशीच्या दातांकडे बघायला लागले होते. एका लग्नात नवऱ्यामुलाच्या काकांना मी विचारलं, "तुम्ही शेवटची साफसफाई कधी केलीत?" घरच्यांनी तिथून हाताला धरून नेलं.

हात जमेल गं. या बाजूचीही तयारी ठेव, इतकंच.

वाचनमात्र

नवरामुलाचे काका 😂 पुढे आले का ते?

कडेलोट

आले की. वर्ग: अवघड. पण तोपर्यंत मी फी परत मागायचा अर्ज टाकला होता.

जुनी_जाणती

तिसरी_दाढ, एकोणीस वर्षं हेच काम करतेय, त्यातली सहा शिकवण्यात गेली. तुझ्यासारख्या मुली दरवर्षी बघते. लेखीत पुढे असलेल्यांचंच हे जास्त होतं, कारण त्यांना 'माहीत असणं' आणि 'जाणवणं' यातला फरक पहिल्यांदाच भेटतो.

आधी एक सांग. एक्सप्लोरर धरल्यावर तुझ्या बोटांची टोकं पांढरी पडतात का? उत्तर मला बहुधा माहीत आहे, तरी बघ आणि कळव.

पकड कशी असते ते परत लिहिते, कारण पुस्तकातली आकृती बघून सगळ्यांना वाटतं की आपली तशीच आहे. अंगठा आणि तर्जनी दांड्यावर समोरासमोर, एकमेकांना न चिकटलेली. मधलं बोट खाली, शँकवर (दांडा आणि पातं यांमधला बारीक भाग), नुसतं टेकलेलं. अनामिका शेजारच्या दातावर उभी, तिच्यावर हाताचा भार. करंगळीला काही काम नाही. आता कीटणावरून टोक गेलं की जी बारीकशी थरथर होते ती शँकमधून वर येते आणि मधल्या बोटाला कळते. दांडा आवळून धरलास की थरथर तिथेच मेली. हाताला ऐकू येत नाही म्हणतात ते हेच, तुझ्या मॅडमनी नेमकं सांगितलंय.

दुसरी चूक याच्याच शेजारी असते. चाचपायचा हात वेगळा आणि काढायचा हात वेगळा. चाचपताना लांब, हलके, एकमेकांवर चढणारे फटकारे, पीस फिरवल्यासारखे. काढताना छोटे, दाबाचे आणि नेमके. नवीन मुली चाचपतानाच जोर लावतात. मग दाताच्या मानेपाशी जिथे इनॅमल संपून मुळाचं आवरण सुरू होतं तो नैसर्गिक कंगोराही कीटण वाटतो. तुझ्या त्या चार खोट्या जागा कुठल्या होत्या? मानेपाशी होत्या का?

तिसरी_दाढ

ताई, आत्ता पेन धरून बघितलं. बोटं पांढरी. 🙈 आणि चारपैकी तीन मानेपाशीच. तुम्हाला कसं कळलं?

जुनी_जाणती

कारण माझ्याही तिथेच होत्या.

रोज दहा मिनिटं हे कर. एक जाड कापड, एक कंगवा, एक नाणं आणि तीन वेगवेगळ्या खरखरीचे पॉलिश पेपर घे. डोळे मीट. कुणाला तरी क्रम बदलायला सांग आणि एक्सप्लोररच्या टोकाने ओळख. पॉलिश पेपरचे तिन्ही नंबर न बघता लावता आले की टायपोडॉन्टकडे वळ. त्याच्या दातांवर नेलपॉलिशचे ठिपके दे. एका ठिकाणी एक थर, दुसरीकडे तीन थर, वाळू दे, मग हिरड्या चढव. ठिपके मैत्रिणीला लावायला सांग. स्वतः लावलेस तर स्वतःलाच सापडतील, त्यात काय मजा.

निवृत्त_दंतू

जुनी_जाणती यांच्याशी सहमत. मी दंतवैद्य, आता निवृत्त. नेलपॉलिशच्या पुढची पायरी म्हणजे काढलेले खरे दात. खरं कीटण हाताला फार वेगळं लागतं, नेलपॉलिश त्याच्यापुढे गुळगुळीतच. पण असे दात महाविद्यालयातूनच घे आणि निर्जंतुक केलेलेच घे. चांदीचं फिलिंग असलेला दात ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालू नकोस. त्यात पारा असतो, तापल्यावर वाफ हवेत येते. हे आमच्या काळी कुणी सांगायचं नाही.

आणि अवजारं धारदार आहेत का ते बघ. एक्सप्लोररबद्दल नाही, क्युरेटबद्दल (कीटण खरवडून काढायचं अवजार) बोलतोय. बोथट क्युरेट कीटण काढत नाही, घासून गुळगुळीत करतं. असं 'पॉलिश' झालेलं कीटण नंतर कुणालाच सापडत नाही, तुला नाही आणि तुझ्या मॅडमनाही नाही. प्लॅस्टिकच्या टेस्ट स्टिकवर पातं टेकव. धार असेल तर ते रुतून बसतं, नसेल तर घसरतं.

भोचक

मी या क्षेत्रातला नाही, पण डॉक्टर आलेच आहेत तर विचारतो. स्केलिंग केल्यावर, म्हणजे कीटण काढल्यावर, दात हलायला लागतात हे खरं का? आमच्या ओळखीत दोघांचे हलले. फटीही पडल्या.

तिसरी_दाढ

अहो भोचक, धागा अभ्यासाचा आहे हो...

निवृत्त_दंतू

असू दे, पुढे हिलाच हे दिवसातून चार वेळा सांगायचंय. भोचकराव, फट आधीपासूनच होती, ती कीटणाने बुजली होती. हिरडीखालचं हाड झिजून दात आधीच सैल झालेला असतो आणि कीटण त्याला शेजारच्या दाताशी सिमेंटसारखं बांधून ठेवतं. ते काढलं की खरी अवस्था दिसते. सूज उतरल्यावर हिरडी आकसते, म्हणून दात लांबही दिसतात. दोष स्केलिंगचा नाही, ते दहा वर्षं उशिरा झालं याचा.

तिसरी_दाढ

हे उत्तर मी वहीत लिहून घेतलं. धाग्याबद्दलची तक्रार मागे. 😊

पायलट_पेन

एक बाळबोध शंका. आता अल्ट्रासॉनिक मशीन आहेत ना? मग हाताने खरवडायला का शिकवतात? वेळकाढूपणा नाही वाटत?

जुनी_जाणती

मशीन मी रोज वापरते, त्याच्याशी वैर नाही. टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा कंप पावतं, सोबत पाणी उडतं, आणि जाड कीटण खपल्यांसारखं सुटतं. पण मशीन चालू असताना टोकाची संवेदना फारशी मिळत नाही आणि पाण्यात दिसतही कमी. काम झालं की नाही हे शेवटी एक्सप्लोररच सांगतो, आणि एक्सप्लोरर हातातच असतो. शिवाय टोकाचं टोक दातावर रोखून धरलं तर मुळावर ओरखडे उठतात. ते समजायलाही आधी हातानेच शिकावं लागतं.

सव्यसाची

मी डावखुरा, शेवटच्या वर्षाला. तिसरी_दाढ, तू बसतेस कुठे ते लिहिलं नाहीस.

आमच्यात पेशंटचं डोकं घड्याळाच्या मध्यावर धरतात आणि डोक्याच्या शेंड्याकडे बारा. उजव्या हाताचे लोक आठपासून बारापर्यंत फिरतात, मी बारापासून चारपर्यंत. पहिल्या वर्षी सगळ्या खुर्च्यांची मांडणी उजव्यांसाठी होती. मी बिनबोभाट नऊवर बसायचो आणि मनगट वाकवून काम करायचो. माझेही निकाल तुझ्यासारखेच यायचे. मला वाटायचं, हातच नाही आपल्याला. एके दिवशी एका सरांनी माझी ट्रे उचलून पलीकडे ठेवली आणि म्हणाले, आता कर.

तू उजव्या हाताची असशील तरी एक तपास. खुर्ची हलवतेस की मान हलवतेस? आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली नऊवर खुर्ची रोवतात आणि मग सगळं तोंड मानेने गाठतात. वरच्या डाव्या दाढांच्या मागच्या बाजूला पोचताना कोपर खांद्याच्या वर गेलं असेल तर मधल्या बोटाला काहीही कळणार नाही. या धंद्यात लोक दातांमुळे थकत नाहीत. मान, खांदा, मनगट, अंगठा यांमुळे कामाचे दिवस कमी करावे लागतात. पहिल्या वर्षापासून लक्ष दे.

तिसरी_दाढ

नऊवर. कायम नऊवर. 🤦‍♀️

कडेलोट

मला हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर...
(तरी सोडलाच असता. काका डोळ्यासमोरून जात नाहीत.)

पायलट_पेन

आणखी एक विचारतो, राग नसावा. एवढं सगळं शिकायचं तर सरळ दंतवैद्यच का होऊ नये? हायजिनिस्ट म्हणजे अर्धा डॉक्टरच ना?

जुनी_जाणती

राग नाही, सवय आहे.

दंतवैद्याला पोखरलेली दाढ, रूट कॅनाल, कॅप, दात काढणं हे सगळं बघायचं असतं. माझं काम हिरडी आणि तिच्याखालची दोन-चार मिलिमीटर जागा. तेवढ्याच जागेत मी दिवसभर असते. प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब घालून खोली मोजते. बत्तीस दात असले तर एका माणसाचे १९२ आकडे. एक ते तीन मिलिमीटर निरोगी, चारच्या पुढे मी थबकते, रक्त आलं तर वेगळी खूण. त्याच माणसाचे सहा महिन्यांपूर्वीचे आकडे शेजारी असतात. ३६ च्या मागच्या बाजूला गेल्या वेळी चार होते आणि आज सहा आहेत हे ज्याला दिसतं तो अर्धा कसा? निदान आणि पुढचा उपचार दंतवैद्य ठरवतात, हद्द मला माहीत आहे. कुठल्या देशात हायजिनिस्टने भूल द्यावी, कुठे देऊ नये, दंतवैद्याच्या देखरेखीशिवाय पेशंट बघावा की नाही, हे नियमही वेगवेगळे आहेत. प्रवेश घेण्याआधी आपल्याकडचे नियम वाचून घ्यावेत.

निवृत्त_दंतू

'अर्धा डॉक्टर' हा शब्द मीही तरुणपणी वापरलाय, तेव्हा थोडं प्रायश्चित्त करतो.

हा पेशा एका दंतवैद्यानेच सुरू केला. अमेरिकेत कनेटिकटमधल्या ब्रिजपोर्ट गावी अल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी १९०६ मध्ये आपली सहायक आयरीन न्यूमन हिला दात साफ करायला शिकवलं. १९१३ मध्ये शाळा काढली, १९१४ मध्ये पहिल्या तुकडीतल्या २७ जणी बाहेर पडल्या. त्यातल्या कित्येक शाळाशाळांतून मुलांचे दात साफ करायला आणि घासायला शिकवायला गेल्या. १९१७ मध्ये न्यूमनला परवाना मिळाला, हायजिनिस्टचा जगातला पहिला. म्हणजे या कामाचं पहिलं ठिकाण दवाखान्यापेक्षा शाळेचा वर्ग होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये हॅराल्ड ल्यो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू केल्यावर पुन्हा ठीक झाल्या. हिरडीची सूज प्लाकमुळे (दातावर साठणारा जंतूंचा चिकट थर) येते हे त्यातून इतकं स्वच्छ दिसलं की नंतर वाद उरला नाही. मी वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "सर, आम्हालाही असा प्रयोग द्या."

भोचक

मी नकळत हा प्रयोग करतोय बहुतेक.

सव्यसाची

😂😂

ग्रेसी क्युरेटबद्दल कुणी लिहिलं नाही, तिसरी_दाढ, तुझं पुढचं संकट तेच आहे म्हणून लिहून ठेवतो. युनिव्हर्सल क्युरेटच्या पात्याच्या दोन्ही कडा कापतात. ग्रेसीचं पातं मुद्दाम कललेलं असतं, शँकशी साधारण ७० अंशात, आणि खालची एकच कड कापते. ११/१२ मागच्या दातांच्या पुढच्या बाजूसाठी, १३/१४ त्यांच्याच मागच्या बाजूसाठी. हे पाठ होतं. हातात घेतल्यावर खालची कड कुठली हेच कळत नाही. शँकचा शेवटचा भाग जमिनीला काटकोनात उभा धर, पातं स्वतःच एका बाजूला झुकेल, झुकलेली ती कड. तोंडात गेल्यावर तोच भाग दाताच्या लांबीला समांतर ठेव. हिरडीखाली शिरताना पातं मिटलेलं, दाताला जवळजवळ चिकटलेलं. तळाला पोचल्यावर उघडायचं, कोन ४५ च्या वर पण ९० च्या आत. ९० च्या पुढे गेलीस की हिरडी कापतेयस.

पहिल्या महिन्यात मी उलटी कड लावून खरवडायचो. आवाज भारी यायचा, निघायचं काही नाही.

वाचनमात्र

मी या वर्षी प्रवेश घ्यायच्या विचारात आहे. कुणाचं तोंड बघून किळस येते का, हे कुणी विचारत नाही म्हणून विचारतो.

जुनी_जाणती

पहिला महिना येते. मग वास येतो तो माहितीसारखा येतो, की इथे काहीतरी चालू आहे. मास्क, चष्मा, ग्लोव्ह्ज असतातच. मला किळस आता एकाच गोष्टीची येते. पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या "माझी लाज वाटते हो" म्हणतो आणि आधीच्या कुणीतरी त्याला ओरडलेलं असतं. अशा माणसाला पहिल्या दिवशी मी ब्रश हातात देत नाही. आरसा देते. एकच जागा दाखवते, खालच्या पुढच्या दातांची मागची बाजू, लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथे जवळ असल्याने कीटण बहुतेकांचं तिथे आधी साठतं. "ही जागा माझ्यावर सोडा, वरचं तुम्ही बघा." लोक परत येतात.

वाचनमात्र, प्रवेश घ्यायच्या आधी एखाद्या दवाखान्यात दोन दिवस नुसतं उभं राहून बघ. पायांचं आणि पाठीचं काय होतं तेही कळेल.

तिसरी_दाढ

धागा वर काढतेय. सात आठवडे झाले.

पॉलिश पेपरचा खेळ रूममेटबरोबर रोज केला. पहिले दहा दिवस काही नाही. उलट सैल धरल्यावर एक्सप्लोरर हातातून पडायचा, रूममेट हसायची. तेराव्या-चौदाव्या दिवशी एक गंमत झाली. ती बोलत होती, माझं लक्ष तिच्याकडे होतं, आणि हात आपोआप थांबला. तिथे नेलपॉलिशचा एकच थर होता, जो मला कधी सापडत नसे. मी लक्ष देऊन परत गेले तर गायब! बोटं पुन्हा आवळली होती. त्या दिवसापासून मी चाचपताना मुद्दाम काहीतरी बोलत राहते. मॅडमना विचित्र वाटतं, पण त्यांनी थांबवलं नाही.

खुर्ची फिरवते. खालच्या पुढच्या दातांसाठी बारावर गेले तर आरशात सगळं दिसतं. पहिलं सत्र मी काय करत होते देव जाणे.

काल परत तीच परीक्षा झाली, बारा जागा. नऊ सापडल्या, खोटी एक. आणि परवा पहिल्यांदा खरं तोंड बघितलं, वर्गमैत्रिणीचं. रबर आणि हिरडी यांत इतका फरक असेल असं वाटलं नव्हतं. हिरडी कोमट असते, हलते, आणि मैत्रीण मध्येच गिळते. आकडे मोठ्याने सांगत होते, ती माझ्या आवाजावरून अंदाज घेत होती. एका ठिकाणी मी "चार" म्हटलं आणि तिने डोळे उघडले.

पुढच्या मंगळवारी ती माझ्या तोंडात. मी आत्तापासून दिवसातून तीनदा घासतेय.

भोचक

अभिनंदन! मीपण अपॉइंटमेंट घेतली. प्रयोग बंद.

जुनी_जाणती

नऊ म्हणजे छान. राहिलेल्या तीन कुठल्या?

तिसरी_दाढ

१७ आणि २७ ची मागची बाजू. आणि ४६ ला मुळं जिथे दुभागतात तिथे.

जुनी_जाणती

४६ चं वक्र टोकाच्या प्रोबने परत बघ, नाबर्स म्हणतात त्याला, तुमच्या कपाटात असेल. १७ ला आणि २७ ला पेशंटला तोंड थोडं मिटायला सांग. जास्त उघडलं की जबड्याचं हाड आडवं येतं आणि गाल ताणला जातो, जागाच राहत नाही. हे मला तिसऱ्या वर्षी कळलं.

तिसरी_दाढ

मिटायला?! थांबा, रूममेटला उठवते.